इन्फ्लुएंझाची लस

१९१८ च्या साथीत हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे इन्फ्लुएंझाने दगावली. तेव्हा लस नव्हती. आज आहे, पण लोक कचरतात. ‘लस टोचली आणि तापच आला,’ अशी त्यांची तक्रार! वस्तुतः टोचावयाच्या लशीत जिवंत विषाणू नसतो. अंगात किंचित कणकण येते, ती शरीर प्रतिकाराची सिद्धता करीत असल्यामुळे. ही सिद्धता पुरी होण्यास सुमारे २ आठवडे लागतात. मध्यंतरी रोगाने गाठले, तर दोष लशीच्या माथी येतो. शिवाय हा विषाणू मोठा बहुरूपी! म्हणून लसही दरवर्षी नव्याने घ्यावी लागते.

नवल असे, की कित्येक डॉक्टर व परिचारिकाही ‘आम्ही धडधाकट आहोत’ म्हणून ती टाळतात. परंतु लक्षणे दिसण्याच्या आदल्या दिवसापासूनच हा रोग इतरांस जडू शकतो. आणि सहा महिन्यांखालील बालकांना तर ही लस देताच येत नाही.