नऊ महिन्यांचं पोट बाराव्या दिवशी कसं ओसरेल?

बारसं बाराव्या दिवशी. पाळणा म्हणून होतो, घुगऱ्या वाटल्या जातात आणि जाता जाता कुणीतरी बाळंतिणीला विचारतंच, "अगं, पोट अजून तसंच दिसतंय. पट्टा बांधतेस ना?" विचारणारीच्या मनात वाईट काही नसतं. पण बाराव्या दिवशी गर्भाशय जेमतेम कटीच्या हाडांआड शिरायला लागलेलं असतं, हे तिला ठाऊक नसतं. बहुतेक वेळा बाळंतिणीलाही ते कुणी सांगितलेलं नसतं.

'पोट सुटलं' असं आपण एका दमात म्हणतो, तेव्हा चार वेगवेगळ्या गोष्टी एकत्र केलेल्या असतात: गर्भाशय, स्नायू, चरबी आणि कातडी. प्रत्येकीचा वेग निराळा, उपायही निराळा. त्यातली एक आपोआप जागेवर येते, दोन कमीअधिक मेहनतीने सुधारतात आणि चौथी पूर्वीसारखी होईलच असं नाही.

पहिलं गर्भाशय. गरोदरपणाआधी त्याचं वजन साधारण 60 ते 70 ग्रॅम असतं. दिवस भरत येतात तेव्हा ते एक किलोच्या घरात गेलेलं असतं. बाळंतपण झाल्यावर ते बेंबीच्या आसपास हाताला लागतं. मग रोज साधारण बोटभर खाली सरकत दोनेक आठवड्यांत ते हाडांआड जातं आणि सहा आठवड्यांत जवळपास मूळ आकाराला येतं. आपला सव्वा महिन्याचा रिवाज या मुदतीच्या जवळच जातो. बाळाला पाजताना पोटात कळा येतात, दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला जास्तच, त्या याच आकुंचनाच्या. या कामाला कुठलाच व्यायाम लागत नाही.

दुसरे स्नायू, आणि खरा प्रश्न इथे आहे. पोटाच्या पुढच्या बाजूला छातीपासून ओटीपोटापर्यंत दोन उभे स्नायू असतात आणि त्यांना मधोमध एक चिवट पांढरी पट्टी जोडते. बाळ वाढतं तशी ही पट्टी ताणून रुंद आणि पातळ होते, दोन्ही स्नायू बाजूला सरतात. ही फट जवळजवळ प्रत्येक गरोदर बाईला शेवटच्या महिन्यांत पडते. नॉर्वेत पहिलटकरणींचा एक अभ्यास झाला, तो 2016 साली प्रसिद्ध झाला. त्यात 300 जणींपैकी सहा आठवड्यांनी 60 टक्के, सहा महिन्यांनी 45 टक्के आणि वर्षभरानंतरही सुमारे 33 टक्के जणींना ही फट होती. शिवाय फट असलेल्यांना इतरांपेक्षा कंबरदुखी जास्त आढळली नाही. म्हणजे ही दुर्मीळ व्याधी नाही आणि घाबरण्यासारखीही नाही.

घरच्या घरी अंदाज घेता येतो. पाठीवर झोपून गुडघे वाकवायचे, बोटं बेंबीच्या जरा वर आडवी ठेवायची आणि डोकं हलकेच उचलायचं. दोन बोटांहून जास्त फट लागली, किंवा बोटं खोल रुतली, तर फिजिओथेरपिस्टला दाखवावं. मात्र बोटांचं माप रोज घेत बसू नये. ताण आला की मधली पट्टी घट्ट होते का आणि उठता-बसता पोट साथ देतं का, हे जास्त महत्त्वाचं.

आता पट्ट्याविषयी. बाळंतिणीचं पोट कापडाने गुंडाळण्याचा सल्ला चरकसंहितेतही आहे, पण तिथे कारण दिलं आहे ते वाताचं: पोटात रिकामी जागा राहू नये, म्हणजे वायूचा त्रास होणार नाही. बांधा सडपातळ करण्याचा त्यात उल्लेख नाही. आजचा पट्टाही सैल झालेल्या पोटाला आणि कंबरेला आधार देतो, सिझेरियननंतर खोकताना-चालताना बरं वाटतं. चरबी मात्र त्याने वितळत नाही, स्नायूही बळकट होत नाहीत. श्वास कोंडेल इतका आवळला तर दाब खाली, ओटीपोटाच्या तळावर पडतो, आणि तो तळ आधीच थकलेला असतो.

व्यायामाची सुरुवात श्वासापासून. झोपून किंवा बसून सावकाश श्वास घ्यायचा, पोट फुलू द्यायचं. सोडताना बेंबी अलगद आत ओढायची आणि त्याच वेळी लघवी रोखताना आवळतो ते स्नायू वर खेचायचे. नैसर्गिक बाळंतपणात गुंतागुंत नसेल, तर दुखत नसल्यास हे पहिल्या काही दिवसांतच सुरू करता येतं. मग पाठीवर झोपून एकेक टाच पुढे सरकवणं, पुढे कंबर उचलण्याचा सेतुबंध, आणि या सगळ्यासोबत चालणं. दंड-बैठकांच्या उत्साहात पहिल्याच महिन्यात सिट-अप्स नकोत. कुठलाही व्यायाम करताना पोटाच्या मधोमध घुमटासारखा उंचवटा आला, तर तो अजून झेपत नाही असं समजावं. धावणं-उड्या मारणं किमान 12 आठवडे तरी टाळावं. अंथरुणातून उठताना सरळ उठू नये. आधी कुशीवर वळावं आणि हाताच्या रेट्याने उठावं. बाळाला उचलताना श्वास सोडत उचलावं.

सिझेरियन झालेल्यांनी थोडा जास्त धीर धरावा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीनुसार देशातली 21.5 टक्के बाळंतपणं सिझेरियनने झाली होती. 'पोटाचे स्नायूच कापलेत, आता काय व्यायाम' हा समज मात्र बहुधा चुकीचा असतो. नेहमीच्या आडव्या छेदात उभे स्नायू सहसा कापत नाहीत, बाजूला सारतात. पण त्यांच्यावरचं चिवट आवरण कापून शिवलेलं असतं आणि त्याची ताकद यायला काही महिने लागतात. टाक्यांभोवती बधिरपणा राहतो, तोही बराच काळ. डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवल्यावर सुरुवात तिथूनच, श्वासापासून.

राहिल्या चरबी आणि कातडी. गरोदरपणात साठलेली चरबी पाजणाऱ्या आईच्या शरीराने जमवलेली शिदोरी आहे. उपासमारीने ती घाईने उतरवू नये. डिंकाचे-अळिवाचे लाडूही खावेत, फक्त प्रत्येक येणाऱ्याच्या आग्रहाखातर नव्हे. पाण्यात आणि भाजी-भाकरीत हयगय नको, कारण बद्धकोष्ठात जोर काढला की ओटीपोटाचा तळ आणखी सैलावतो. कातडीवरच्या रेषा मात्र तिच्या आतल्या थरात पडलेल्या असतात. लालसर-जांभळ्या रेषा पुढे फिकट, चंदेरी होतात. पुसून टाकणारं मलम नाही, जाहिरात काहीही म्हणो. खूप लोंबलेली कातडी व्यायामाने आवळत नाही. शस्त्रक्रिया आहे, पण तिचा विचार पुढे मूल नको असं ठरल्यावर आणि वजन स्थिरावल्यावरच करावा.

स्वीकार म्हणजे हात टेकणं नव्हे. वळणाऱ्या स्नायूंवर मेहनत घ्यावी, न वळणाऱ्या कातडीशी भांडण सोडावं, आणि स्नायूंची प्रगती कातडीवरून मोजू नये. पोट सपाट झालं नाही तरी ते बळकट असू शकतं.

काही गोष्टी मात्र स्वीकारायच्या नसतात. खोकताना-हसताना लघवी होणं, बेंबीपाशी किंवा टाक्यांजवळ फुगवटा येणं, कंबर उचलता येणार नाही इतकी दुखणं, हे 'बाळंतपणानंतर चालायचंच' म्हणून सोसू नये. टाक्यातून पू, ताप, दुर्गंधी स्राव, अचानक वाढलेला रक्तस्राव किंवा पोटरीत दुखून सूज आली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावं.

आणि घरच्यांसाठी एक विनंती. व्यायामाला रोज वीस मिनिटं लागतात, ती बाळंतिणीला आपोआप मिळत नाहीत. तेवढा वेळ बाळाला कुणीतरी घ्यावं लागतं. बारशाला गेलात तर तिच्या पोटाची चौकशी करू नका. झोप झाली का, एवढं विचारा आणि बाळाला अर्धा तास सांभाळा.