कॅरॅव्हानमधील हीटरची निवड : एक पदार्थवैज्ञानिक विचार

मोटारीच्या मागे जोडून नेता येणारे, आत निजण्याची, स्वयंपाकाची व हातपाय धुण्याची सोय असलेले जे चाकांवरील घर, त्यास इंग्लंडात कॅरॅव्हान असे म्हणतात. केवळ हौशी प्रवासासाठी मुद्दाम बांधून घेतलेले असे एक घर डॉ. गॉर्डन स्टेबल्स यांनी १८८५ साली ब्रिस्टल येथे करविले. ते घोडे ओढीत असत. पुढे जर्मनीत आरिस्ट डेटलेफ्स यांनी १९३१ साली मोटारीमागून ओढावयाचे घर तयार केले. आरंभी हे वाहन उन्हाळ्यापुरतेच वापरले जाई. आता मात्र आल्प्सच्या पायथ्याशी बर्फात कॅरॅव्हान उभी करून आठवडा काढणारे लोक पुष्कळ आहेत, आणि त्यांच्यापुढील पहिला प्रश्न ऊब कशी मिळवावी हा होय.

हा प्रश्न वरवर पाहता बाजारातील खरेदीचा वाटतो. वस्तुतः तो पदव्युत्तर विद्यार्थ्याने कागद-पेन्सिल घेऊन सोडवावा असा उष्णताशास्त्रातील एक सुंदर प्रश्न आहे. सामान्य खरेदीदार प्रथम किंमत पाहतो, मग इंधन, मग हीटरची शक्ती. आणि ज्वालेला लागणारी हवा कोठून येते याचा विचार शेवटी करतो किंवा करीतच नाही. हा क्रम नेमका उलटा असावयास हवा, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

१. ज्वालेची हवा

विवेचनाच्या सोयीसाठी आतून ५ मीटर लांब, २.२ मीटर रुंद व १.९५ मीटर उंच अशी एक कॅरॅव्हान घेऊ. तिचे घनफळ सुमारे २१ घनमीटर होते. फर्निचरने व्यापलेली जागा तूर्त सोडून देऊ. अशा जागेत धुराडे नसलेला, सुटा, गॅसवर चालणारा हीटर रात्रभर, म्हणजे आठ तास, १.५ किलोवॅट शक्तीने चालविला असे समजू. एकूण उष्णता १२ किलोवॅट-तास झाली. एक किलोग्रॅम प्रोपेन जळाल्याने सुमारे १२.८ किलोवॅट-तास उष्णता मिळते; म्हणजे रात्रीत सुमारे ०.९४ किलोग्रॅम प्रोपेन खर्ची पडेल.

रासायनिक समीकरण मांडले असता असे दिसते की, एक किलोग्रॅम प्रोपेनला सुमारे ३.६ किलोग्रॅम ऑक्सिजन लागतो, आणि त्यापासून ३ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड व १.६ किलोग्रॅम पाणी तयार होते. आपल्या उदाहरणात ऑक्सिजनचा खर्च ३.४ किलोग्रॅम होईल. २१ घनमीटर हवेत ऑक्सिजन असतो तो अवघा सहा किलोग्रॅमच्या आसपास! जागा पूर्णपणे बंद असती, तर पहाटेपर्यंत त्यातील निम्म्याहून अधिक संपला असता. पाण्याची कथा याहून वेगळी नाही. २० अंश सेल्सिअस तपमानास एक घनमीटर हवा संपृक्त झाली तरी सुमारे १७ ग्रॅम बाष्पच धारण करू शकते. म्हणजे कॅरॅव्हानमधील सर्व हवेत मिळून ३७० ग्रॅमच्या आसपास. ज्वालेने निर्माण केलेले दीड किलोग्रॅम पाणी ह्याच्या चौपट आहे. ते खिडक्यांवर, गाद्यांखाली व भिंतींच्या सांध्यांत दवरूपाने साचते, आणि लाकडी सांगाडा असल्यास तो कुजवते.

तथापि खरे संकट ह्यापुढचे आहे. ऑक्सिजन कमी पडू लागताच ज्वलन अपूर्ण राहते व कार्बन मोनॉक्साइड निर्माण होतो. त्यास रंग नाही, वास नाही. रक्तातील हीमोग्लोबिनशी त्याची आसक्ती ऑक्सिजनच्या मानाने दोनशेपटींहून अधिक आहे. जागा असलेल्या माणसाचे निदान डोके तरी दुखते; झोपलेल्यास जाग येण्याचीही शाश्वती नसते. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून निजू नये, हे आपल्याकडील वडीलधाऱ्यांचे सांगणे ह्याच सत्यावर आधारलेले आहे. धुराडे नसल्यामुळे सर्व उष्णता आतच राहते, म्हणून सुटा हीटर काटकसरीचा वाटतो. परंतु उष्णतेबरोबर सर्व उत्सर्जितेही आतच राहतात, हे विसरून चालत नाही.

ह्यावर उपाय म्हणजे बंद ज्वालाकक्षाचा हीटर. ह्यात ज्वालेला लागणारी हवा नळीवाटे बाहेरून येते, जळालेले वायू दुसऱ्या नळीवाटे बाहेर जातात, आणि खोलीतील हवा केवळ धातूच्या भिंतीआडून तापते. माणसाचा श्वास व ज्वालेचा श्वास एकमेकांपासून संपूर्णपणे विभक्त राहतात. युरोपीय मानकांनुसार कॅरॅव्हानमध्ये कायमचा बसवावयाचा ज्वलन-हीटर ह्याच प्रकारचा असावा लागतो. तेव्हा जुनी कॅरॅव्हान घेणाऱ्याने प्रथम हीच गोष्ट तपासावी.

एवढ्याने मात्र निश्चिंत होता येत नाही. धुराड्याचे तोंड बाहेर लावलेल्या तंबूच्या आत येत असेल, किंवा रात्रीच्या बर्फाने ते बुजले असेल, तर बाहेर टाकलेले वायू परत आत शिरू शकतात. प्रोपेन हवेपेक्षा दीडपट व ब्यूटेन दुप्पट जड असल्यामुळे गळती झालेला गॅस जमिनीशी साचतो. त्यासाठी तळाशी ठेवलेली छिद्रे थंडीच्या भीतीने बुजविणे हा आत्मघात होय. कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे यंत्र प्रवासी वाहनांसाठी वेगळ्या मानकानुसार बनविलेले मिळते. ते बंद ज्वालाकक्षाच्या हीटरसोबतही असावेच.

२. उष्णतेची गरज

आता शक्तीचा हिशेब करू. आपल्या कॅरॅव्हानच्या छत, तळ व भिंतींचे एकूण क्षेत्रफळ सुमारे ५० चौरस मीटर भरते. ह्या पृष्ठभागातून दर चौरस मीटरला, आतबाहेरच्या तपमानातील दर अंश फरकास, किती वॅट उष्णता निसटते, ह्या राशीस आपण पारेषण-गुणांक म्हणू. युरोपीय मानकात कॅरॅव्हानच्या उष्णतारोधनाच्या तीन श्रेणी आहेत. पहिल्या व दुसऱ्या श्रेणीत सरासरी गुणांक १.७ हून अधिक असू नये. दुसरीत शिवाय बाहेर शून्य अंश असता आत २० अंश तपमान गाठता आले पाहिजे. तिसरीत गुणांकाची मर्यादा १.२ असून बाहेर उणे १५ अंश असता आत २० अंश गाठावयाचे असतात.

तिसऱ्या श्रेणीच्या कॅरॅव्हानमधून उणे १५ अंशांच्या रात्री भिंतींवाटे ५० × १.२ × ३५, म्हणजे २,१०० वॅट जातात. तासातून दोनदा आतील हवा बदलते असे धरल्यास वायुवीजनावाटे आणखी ५०० वॅट. एकूण २.६ किलोवॅट. हीच रात्र १.७ गुणांकाच्या कॅरॅव्हानमध्ये काढावयाची ठरविल्यास ही संख्या जवळजवळ ३.५ किलोवॅट होते. हा हिशेब तपमान केवळ टिकविण्याचा झाला. गारठलेली गाडी, गाद्या व भांडी तापवून आणण्यासाठी काही शक्ती राखीव हवी. म्हणून पहिल्या उदाहरणात साडेतीन-चार किलोवॅटचा हीटर योग्य ठरतो. जर्मनीतील ट्रूमा ह्या संस्थेचे ३.५ व ६ किलोवॅट शक्तीचे हीटर प्रसिद्ध आहेत. त्यांतील लहान हीटर येथे पुरतो.

शक्ती अधिक तितकी ऊब अधिक ही समजूत चुकीची आहे. गरजेहून फार मोठा हीटर वारंवार पेटतो व विझतो, आणि तपमान हेलकावे खात राहते. मोठा हीटर घेण्यापूर्वी खिडक्यांचे पडदे, तळाचे रोधन व दारांच्या फटी यांकडे लक्ष द्यावे. मात्र वायुवीजनाची मूळ छिद्रे ह्या काटकसरीतून कटाक्षाने वगळावीत.

३. इंधन

द्रवीभूत गॅस हे कॅरॅव्हानचे प्रमुख इंधन होय. आपल्या घरगुती सिलिंडरात प्रोपेन व ब्यूटेन यांचे मिश्रण असते, आणि पुण्याच्या हवेत ह्या दोहोंतील भेद गृहिणीस कधी जाणवत नाही. थंड देशात मात्र तोच निर्णायक ठरतो. ब्यूटेनचा उत्कलनबिंदू उणे ०.५ अंश असून प्रोपेनचा उणे ४२ अंश आहे. उणे १५ अंशांस ब्यूटेनचा बाष्पदाब वातावरणाच्या दाबाहून कमी असल्याने बाटली भरलेली असूनही बर्नरपाशी गॅस येत नाही. मिश्रण असल्यास प्रोपेन प्रथम उडून जातो व तळाशी ब्यूटेन उरतो. बाटली हलविली असता द्रव डुचमळतो, परंतु ज्योत मात्र मंदावते. हिवाळ्यासाठी म्हणून शुद्ध प्रोपेनच घ्यावा. ब्रिटनमध्ये कॅलर संस्थेच्या निळ्या बाटलीत ब्यूटेन व तांबड्या बाटलीत प्रोपेन असतो.

हीटरची कार्यक्षमता ८० टक्के धरल्यास २.६ किलोवॅटसाठी दिवसाकाठी सुमारे ६.१ किलोग्रॅम प्रोपेन लागतो. जर्मनीतील ११ किलोग्रॅमची बाटली अशा थंडीत दोन दिवसही पुरत नाही. १.७ गुणांकाच्या कॅरॅव्हानला रोज ८ किलोग्रॅम लागतील. भिंतीतील रोधन हाच सर्वांत स्वस्त हीटर होय, हे ह्यावरून ध्यानात यावे.

विजेवर चालणाऱ्या हीटरमध्ये ज्वलनच नसल्याने पहिल्या प्रकरणातील सर्व चिंता नाहीशा होतात. येथे मर्यादा पडते ती तळावरील विद्युत्पुरवठ्याची. २३० व्होल्टला १६ अँपियर मिळाल्यास ३,६८० वॅट होतात. परंतु युरोपातील अनेक तळांवर ६ अँपियरच मिळतात, म्हणजे १,३८० वॅट. त्यात चहाची किटली लावली की पुरवठा खंडित झालाच. गाडीतील १२ व्होल्ट, १०० अँपियर-तासांच्या बॅटरीत एकूण १.२ किलोवॅट-तास ऊर्जा असते. ती आपल्या गरजेस अर्धा तासही पुरणार नाही. बॅटरीने पंखा फिरवावा, ऊब मागू नये.

डिझेलवरील हीटर हे वेबास्टो व एबरश्पेखर ह्या जर्मन संस्थांचे विशेष क्षेत्र. स्वयंचलित प्रवासी गाडीस ते सोयीचे, कारण इंधनाची टाकी तेथे असतेच. ओढावयाच्या कॅरॅव्हानला वेगळी टाकी बसवावी लागते. शिवाय उंच घाटात हवा विरळ झाल्याने मिश्रणात इंधनाचे प्रमाण वाढून काजळी धरते, म्हणून उंचीनुसार समायोजन करणारा प्रकार निवडावा लागतो.

४. उष्णतेचे वाटप

उष्णता वाटण्याच्या दोन पद्धती रूढ आहेत. एकीत पंखा गरम हवा नळ्यांवाटे खेळवितो. ही पद्धत हलकी व त्वरित फळ देणारी आहे; परंतु तीत आवाज होतो व कोपरे गार राहू शकतात. दुसरीत, जी स्वीडनमधील आल्डे ह्या संस्थेने लोकप्रिय केली, पाणी व ग्लायकॉल यांचे मिश्रण भिंतींच्या कडेने फिरते, आणि तापलेली हवा खिडकीखालून अभिसरणाने वर चढते. काचेवरील दव त्यामुळे कमी होते व ऊब सर्वत्र समान राहते. मात्र ही व्यवस्था वजनदार असून सावकाश तापते. ओढावयाच्या वाहनात सामानाच्या वजनाची मर्यादा कडक असल्याने हे वजन हिशेबात धरलेच पाहिजे. पाण्याच्या नळ्या व टाकी गरम हवेच्या कक्षेत येतात की नाही, हेही पाहावे. माणसे उबेत आणि नळ गोठलेले, असा प्रकार होऊ नये.

५. निष्कर्ष

वसंतात वा शरदात वीज असलेल्या तळांवर राहणाऱ्यास गॅस व वीज या दोहोंवर चालणारा मध्यम शक्तीचा हीटर पुरेसा होतो. बर्फाळ प्रदेशात राहणाऱ्याने तिसऱ्या श्रेणीचे रोधन, शुद्ध प्रोपेन व दोन बाटल्या यांची तजवीज करावी. मुक्काम दीर्घ असल्यास पाण्याच्या अभिसरणाची पद्धत श्रेयस्कर. विजेपासून दूर राहणाऱ्याने इंधनाबरोबर पंख्याला लागणाऱ्या विजेचाही हिशेब ठेवावा.

ह्या तिन्ही प्रकारांत एक अट मात्र समान आहे. शक्ती कमी पडली तर एक पांघरूण अधिक घेता येते, इंधन संपले तर बाटली बदलता येते, वाटप सदोष असेल तर जागा बदलून निजता येते. ज्वाला आणि झोपलेला माणूस एकाच हवेवर जगू लागले, तर ती चूक सुधारण्यास सवड मिळेलच असे नाही. म्हणून निवडीचा आरंभ हवेपासून व्हावा.