बंपरच्या ओझ्याने झुकलेले नाक

अमेरिकेत पिकअप ट्रकला जाड पोलादी बंपर बसविण्याची हौस मोठी आहे. हे ओझे पुढच्या आसाच्याही पुढे टांगलेले असल्याने तरफेप्रमाणे काम करते. पुढच्या स्प्रिंगांवर बंपरच्या वजनाहूनही अधिक भार येतो आणि गाडीचे नाक झुकते. स्ट्रटच्या माथ्यावर स्पेसर बसविणे हा स्वस्त तोडगा. त्याने उंची भरून येते. स्प्रिंग मात्र तशीच दबलेली राहते आणि खड्ड्यात आदळते. वाढीव वजन पेलणाऱ्या कडक स्प्रिंगा हाच खरा उपाय. त्यानंतर व्हील अलाइनमेंट करून हेडलाइटचा कोनही तपासावा. अन्यथा झोत समोरच्या चालकाच्या डोळ्यांत जातो. माल भरल्यावर समतल व्हावी म्हणून पिकअपची मागची बाजू मुळातच किंचित उंच असते, हे हौशी मंडळी विसरतात. भारतात मात्र वाहनांवरील बुल बार बेकायदा असल्याचे केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळविले आहे.