दोन महिन्यांत बसेल तोच आजार

आयसीएमआरच्या शॉर्ट टर्म स्टुडंटशिपचं, म्हणजे एसटीएसचं पोर्टल उघडलं की जबलपुरात गढ्याकडच्या मेडिकल कॅम्पसवर पहिली धावपळ होते ती गाइडसाठी. विषय नंतर. ही योजना 1979 पासूनची, एमबीबीएसच्या मुलांना संशोधनाची चव लागावी म्हणून. अट अशी की गाइड पूर्णवेळ शिक्षकच हवा, रेसिडेंट चालत नाही. आणि एका गाइडकडे एकच विद्यार्थी. आमच्या नेत्रविभागात शिक्षक मोजके. चलाख मुलं महिनाभर आधीच ओपीडी उठायच्या वेळी केबिनबाहेर घुटमळू लागतात. ‘‘सर, किसी को हाँ तो नहीं बोल दिया?’’

एका वर्षी मंडल्याकडची एक मुलगी आली. विषय घरूनच घेऊन आलेली. गहू कापताना डोळ्यात कुसळ जातं, माणूस गावातल्या दुकानातून स्टिरॉइडचे थेंब आणून घालतो, बुबुळावर बुरशी माजते आणि तो आमच्यापर्यंत पोहोचतो तेव्हा बुबुळ पांढरं पडलेलं असतं. तपासणीही स्वस्त : जखमेचा खरवड, वर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा (केओएच) थेंब, सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे धागे. मी लगेच होकार दिला.

अडलं ते कॅलेंडरपाशी. एसटीएसचं काम दोन महिन्यांत उरकायचं, आणि ते महिने बहुधा पावसाळ्यात येतात. गव्हाची कापणी चैतात, धानाची कार्तिकात. कुसळवाले पेशंट आणायचे कुठून? शेवटी तिने मधुमेही पेशंट डोळ्याचा पडदा तपासून घेतात का, यावर प्रश्नावली केली. नेत्रविभागांतून असे विषय ढिगाने का जातात, ते त्या दिवशी मला नीट उमगलं. मधुमेही बारमाही भेटतात!

शिष्यवृत्त्यांच्या वरच्या पायऱ्यांवर कॅलेंडरऐवजी जन्मतारीख आडवी येते. इंटरनॅशनल कौन्सिल ऑफ ऑप्थॅल्मॉलॉजीच्या फेलोशिपला चाळिशीची मर्यादा. शहरातल्या मुलाला ती जाणवतही नाही. पण आधी जिल्हा रुग्णालयात नोकरी, मग पीजी, मग बाँड, असं करत आलेल्याच्या हाती शिफारसपत्र पडेपर्यंत चाळिशी उंबऱ्यावर असते. मला विचाराल तर ही अट जन्मवर्षावरून नव्हे, पीजी झाल्याच्या वर्षापासून मोजावी.

त्या मुलीने कुसळं सोडली नाहीत. एमएसला थीसिससाठी तोच विषय घेतला. तीन वर्षांच्या कोर्समध्ये निदान एक चैत आणि एक कार्तिक तरी हाती लागतोच.