मूत्रपिंड प्रत्यारोपण आणि विषाणूंची साक्ष

रायपूरच्या उत्तरेस, बिलासपूर मार्गावर वसलेले सिलतरा हे छत्तीसगडमधील पोलाद व स्पंज आयर्न उद्योगाचे मोठे केंद्र आहे. येथील एखादा कामगार मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर घरी परततो, तेव्हा शस्त्रक्रिया संपलेली असते. उपचार मात्र आयुष्यभराचे असतात. शरीर परक्या अवयवावर हल्ला करू नये यासाठी त्याला टॅक्रोलिमस, मायकोफिनोलेट व स्टेरॉइड यांसारखी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे नियमित घ्यावी लागतात.

प्रश्न मात्रेचा आहे. औषध कमी पडले तर शरीर अवयव नाकारते. जास्त झाले तर क्षयासारखे संसर्ग व कर्करोग यांचा धोका वाढतो. रक्तातील टॅक्रोलिमसची पातळी मोजता येते, परंतु त्यातून औषध किती आहे एवढेच कळते, प्रतिकारशक्ती किती दबली आहे हे कळत नाही. पातळी सारखी असूनही एका रुग्णात अवयवाचा अस्वीकार होतो, तर दुसऱ्यास वारंवार संसर्ग होतो. हाच या उपचारातील कच्चा दुवा होय.

ही उणीव भरून काढण्यासाठी शास्त्रज्ञांनी विषाणूंकडे लक्ष वळविले. बीके हा विषाणू १९७१ मध्ये एका प्रत्यारोपित रुग्णाच्या मूत्रात आढळला. त्या रुग्णाच्या नावाची आद्याक्षरेच विषाणूस मिळाली. बहुतेकांना बालपणीच त्याची लागण होते व पुढे तो मूत्रमार्गात सुप्त राहतो. प्रतिकारशक्ती फार दबली की तो वाढतो आणि नव्या मूत्रपिंडास इजा करतो. येथे निदानाला विशेष महत्त्व आहे. रक्तातील क्रिएटिनिन वाढण्यामागे अस्वीकार असू शकतो, तसाच बीके विषाणूही असू शकतो. पहिल्या स्थितीत औषधे वाढवावी लागतात, दुसऱ्या स्थितीत कमी करावी लागतात. निदान चुकले तर मूत्रपिंड गमावण्याची वेळ येते. म्हणून पहिले नऊ महिने दरमहा व त्यानंतर दोन वर्षे पूर्ण होईपर्यंत दर तीन महिन्यांनी रक्तातील बीके विषाणू तपासण्याची शिफारस आहे. दर मिलिलिटरला १०,००० हून अधिक प्रती आढळल्यास, किंवा १,००० हून अधिक प्रती टिकून राहिल्यास, औषधे कमी करण्याचा विचार केला जातो. तरीही हा विषाणू इशारा देतो तो दमन अति झाल्यावर. ते कमी पडत असेल तर त्याच्याकडून काहीच कळत नाही.

ती माहिती टॉर्क टेनो विषाणूकडून मिळण्याची शक्यता आहे. १९९७ मध्ये जपानमध्ये सापडलेला हा वर्तुळाकार, एकपदरी डीएनए असलेला सूक्ष्म विषाणू बहुसंख्य माणसांच्या रक्तात असतो आणि त्यामुळे कोणताही आजार होतो असे सिद्ध झालेले नाही. त्याचे हे निरुपद्रवीपणच येथे उपयोगी पडते. त्याला आवरण्याचे काम प्रतिकारयंत्रणा करते. ती दबली की विषाणुभार वाढतो, सावरली की घटतो. प्रत्यारोपणानंतर सुमारे तीन महिन्यांनी हा भार शिखर गाठतो, मग हळूहळू स्थिरावतो. स्थिरावल्यानंतरचा कमी भार अस्वीकाराचा धोका दर्शवितो, तर जास्त भार संसर्गाचा. व्हिएन्ना येथील वैद्यकीय विद्यापीठाच्या नेतृत्वाखाली युरोपातील अनेक केंद्रांत, या भारानुसार टॅक्रोलिमसची मात्रा ठरविण्याची चाचणी २०२२ मध्ये सुरू झाली.

या साधनाला मर्यादाही आहेत. औषध बदलल्यावर विषाणुभार बदलण्यास काही आठवडे लागतात. निरनिराळ्या चाचणीसंचांचे आकडे थेट तुलनेस पात्र नसतात. काही थोड्या व्यक्तींत हा विषाणू आढळतच नाही. अस्वीकाराच्या निश्चित निदानासाठी बायोप्सीला पर्याय नाही, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.

भारतात अवयव प्रत्यारोपणाचे नियमन १९९४ च्या कायद्याने होते. २०११ मध्ये त्यात दुरुस्ती झाली. राष्ट्रीय पातळीवरील ‘नोट्टो’च्या अखत्यारीत प्रादेशिक संस्था आहेत. पश्चिम विभागाची संस्था मुंबईच्या केईएम रुग्णालयात असून छत्तीसगडही तिच्या क्षेत्रात येते. अवयव मिळवून देणारी ही साखळी उभी आहे. पुढील देखरेखीची साखळी मात्र तितकी सलग नाही. विषाणुभार मोजण्याचे पीसीआर तंत्र कोविड काळात जिल्ह्या-जिल्ह्यांत पोहोचले. तथापि बीके किंवा टॉर्क टेनोची चाचणी त्यासाठीचे संच, प्रमाणित पद्धती व प्रशिक्षित मनुष्यबळ असल्याखेरीज होऊ शकत नाही. सिलतऱ्याच्या कामगारासाठी तर दर महिन्याची तपासणी म्हणजे एका दिवसाची रजा आणि बुडालेली मजुरी; रक्ताचा नमुना जवळच्या केंद्रात घेऊन मोठ्या प्रयोगशाळेत पाठविण्याची सोय झाली, तर हा खर्च वाचू शकतो.