सुटकेनंतरची वाट

माणसांच्या व्यापाराचा उल्लेख होताच जुन्या काळातील गुलामांचे बाजार डोळ्यांसमोर येतात. आज तसे बाजार उघडपणे भरत नाहीत. परंतु माणसांची खरेदी-विक्री थांबलेली नाही. तिने केवळ वेष पालटला आहे. शहरात चांगल्या पगाराची नोकरी, हुंड्याशिवाय लग्न किंवा अडचणीच्या वेळी हाती ठेवलेली उचल अशा रूपांनी ती दारापर्यंत येते. आमिष दाखवणारी व्यक्ती पुष्कळदा गावातील, नात्यातील वा ओळखीची असते. म्हणूनच तिच्यावर विश्वास बसतो. परक्या मुलखात नेल्यावर मात्र ओळखपत्र काढून घेतले जाते, प्रवासाचा आणि जेवणाखाण्याचा खर्च कर्ज म्हणून नावावर मांडला जातो आणि ते कर्ज कधीच फिटू दिले जात नाही. मग कोणाला वेश्याव्यवसायात ढकलले जाते, कोणाला वीटभट्टीवर राबवले जाते, तर कोणा बालकाला भीक मागावयास लावले जाते.

भारतीय संविधानाच्या कलम २३ ने माणसांचा अपव्यापार आणि वेठबिगार यांना मनाई केली आहे. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारीची पद्धत रद्द झाली आणि तिच्यापायी लादलेले कर्ज फेडण्याचे बंधनही संपले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ नुसार माणसांच्या अपव्यापारास किमान ७ वर्षांच्या सश्रम कारावासाची शिक्षा आहे. पीडित व्यक्ती १८ वर्षांखालील असेल, तर ती किमान १० वर्षांची होते. ‘तिची संमती होती’ हा बचाव कायदा मान्य करीत नाही.

तथापि, सुटका झाली म्हणजे प्रश्न सुटला असे नव्हे. १९९६ च्या फेब्रुवारी महिन्यात पोलिसांनी मुंबईतील कुंटणखान्यांवर छापे घालून शेकडो मुलींची सुटका केली. त्यांत दोनशेहून अधिक मुली नेपाळच्या होत्या. त्यांच्याजवळ नागरिकत्वाची कागदपत्रे नव्हती आणि त्यांना परत नेण्यास नेपाळ सरकार तयार होईना. ज्यांनी अन्याय सोसला, त्यांनाच महिनोन् महिने परक्या शहरातील निवारागृहांत दिवस कंठावे लागले. अखेर नेपाळमधील स्वयंसेवी संस्थांनी पुढाकार घेतला आणि त्याच वर्षी १२८ जणी मायदेशी पोहोचल्या. तेथेही अनेकांनी त्यांच्याकडे संशयाने आणि तिरस्काराने पाहिले.

त्यांच्यापैकीच काही जणींनी एकत्र येऊन ‘शक्ती समूह’ ही संस्था उभारली. नागरिकत्वाच्या कागदपत्रांअभावी तिची नोंदणी होण्यास २००० साल उजाडले. संस्थापकांपैकी चरीमाया तामाङ यांनी आपल्याला विकणाऱ्यांविरुद्ध स्वतः फिर्याद दिली आणि १९९७ मध्ये आठ जण दोषी ठरले. परत आलेल्या भगिनींना निवारा, शिक्षण, कायद्याचे साहाय्य आणि रोजगाराचे प्रशिक्षण देण्याचे कार्य ही संस्था करते. या कार्याबद्दल २०१३ मध्ये तिला रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

या उदाहरणातून पुनर्वसनाचा खरा अर्थ उलगडतो. डोक्यावर छप्पर आणि दोन वेळचे अन्न एवढ्याने पुनर्वसन पूर्ण होत नाही. वैद्यकीय उपचार, मनाला आधार देणारे समुपदेशन, निर्भयपणे साक्ष देता येईल असे संरक्षण, हक्काची कागदपत्रे, अपुरे राहिलेले शिक्षण आणि स्वतःच्या कमाईचे साधन या साऱ्यांची आवश्यकता असते. आपले पुढील आयुष्य कसे घडवावे, हे ठरवण्याचा अधिकार त्या व्यक्तीलाच परत मिळाला पाहिजे. कारण विक्री करणाऱ्याने सर्वप्रथम तोच हिरावून घेतलेला असतो.

या कामात समाजाचाही वाटा आहे. परगावी कामाला जाण्यापूर्वी मालकाचे नाव, पत्ता व मजुरी यांची खात्री करून घ्यावी, ओळखपत्राची प्रत घरी ठेवावी आणि मूळ ओळखपत्र कोणाच्या स्वाधीन करू नये. संशयास्पद प्रकार आढळल्यास ११२ या क्रमांकावर आणि बालकांच्या बाबतीत १०९८ या क्रमांकावर कळवावे. आणि अशा संकटातून कोणी परत आले, तर ‘तू गेलीसच कशाला?’ असे न विचारता तिला घरात, शाळेत आणि कामाच्या ठिकाणी पूर्वीसारखेच सन्मानाचे स्थान द्यावे. सुटकेनंतरची वाट तेथूनच सुरू होते.