सुशीच्या ताटातली राणी

आमच्या विजयदुर्गात सुशी मिळत नाही. किल्ल्याच्या पायथ्याशी एसटी स्टँड, जवळच जेटी, बाजाराचा रस्ता आणि त्यावर चार-दोन खानावळी, एवढाच पसारा. खानावळीच्या फळ्यावर काहीही लिहिलेलं असो, खरा बेत ठरतो तो सकाळी होड्या लागल्यावर. बांगडा आला तर बांगडा, सुंगटं आली तर सुंगटं. मी ज्यांच्याकडे जेवतो त्या काकींना एकदा सांगितलं, की जपानी लोक भातावर कच्च्या माशाचा काप ठेवून खातात. त्यांनी तव्यावरचा बांगडा उलटला आणि विचारलं, "ताजो मासो गावलो तर तो कच्चो कित्याक खावचो?"

प्रश्न बिनतोड होता. उत्तरासाठी मला पुण्याला जावं लागलं, आणि तिथे कळलं की 'ताजो' आणि 'कच्चो' या दोन्ही शब्दांचा जपानी आचाऱ्याचा हिशेब निराळाच आहे.

माझी भाची जपानी शिकून चाकणच्या एका कारखान्यात दुभाषी झाली. तिच्या साहेबमंडळींमुळे तिला सुशीची गोडी लागली. मुंबईत २००४ साली ताजमहाल हॉटेलात 'वसाबी बाय मोरिमोटो' सुरू झालं, तेव्हा हे खाणं बड्या लोकांचं होतं. आता मुंबई-पुण्याच्या उपनगरांत, किराणा दुकान आणि सलून यांच्या मधल्या गाळ्यातसुद्धा जपानी हॉटेल दिसतं. काकडीची, शतावरीची, एवढंच काय, जैन सुशीही मिळते. भाचीनं मला नेलं ते हॉटेल असंच, पुण्यातल्या गल्लीतलं. लाकडी फळीसमोर आठ खुर्च्या, पलीकडे आचारी. पोरगा मणिपूरचा होता आणि मराठी माझ्यापेक्षा शुद्ध बोलत होता.

बसल्या बसल्या हात पुसायला गरम, ओला पंचा आला. मग मी त्याचे हात बघत राहिलो. बोटं पाण्यात बुडवायची, टाळी वाजवून जादा पाणी झटकायचं, लाकडी भांड्यातून लिंबाएवढा भात उचलायचा, डाव्या हातातल्या माशाच्या कापावर तो बसवायचा आणि दोन-तीन हलके दाब द्यायचे. सात-आठ सेकंदांत काम संपलं. मोदकाच्या पाऱ्या करणाऱ्या बाईच्या बोटांत असते तीच सवय. दाब जास्त झाला तर भाताचा गोळा होतो, कमी झाला तर उचलताना सांडतो. तोंडात गेल्यावर शीत न् शीत सुटं व्हायला हवं. भात गार नव्हता, अंगाइतका कोमट होता. आखूड, चिकट दाण्याचा तांदूळ शिजवून त्यात शिरका, साखर आणि मीठ कालवायचं आणि पंख्यानं वारा घालत तो निववायचा. आचारी म्हणाला, शिकाऊ पोराला आधी भातच करायला लावतात, माशाला हात बऱ्याच उशिरा.

ते बरोबरच आहे. सुशी हा शब्द माशाचा नाहीच, तो आंबटपणाचा आहे. जुन्या काळी जपानात मासा टिकवण्यासाठी खारवून शिजलेल्या भातात दाबून ठेवत. भात आंबायचा आणि त्या आंबटपणानं मासा टिकायचा. बिवा सरोवराकाठी अजून अशी फुनाझुशी करतात. ती मुरायला वर्ष-दोन वर्षं लागतात आणि भात बहुधा टाकून देतात. आपल्या खाऱ्या बांगड्याचीच ती चुलतबहीण, फक्त वास ऐकून आहे तो आणखी जबर. पुढे लोकांना एवढा धीर राहिला नाही. त्यांनी भातात थेट शिरका घालायला सुरुवात केली. १८२० च्या दशकात एदो शहरात, म्हणजे आजच्या तोक्योत, हानाया योहेई या माणसानं हातानं दाबलेल्या सुशीला नाव मिळवून दिलं असं मानतात. ती विकली जायची रस्त्यावरच्या गाडीवर, उभ्यानं खायला. म्हणजे जातकुळी वडापावचीच. आज तिच्यासाठी लोक टाय बांधून जातात, हा काळाचा महिमा.

भाचीनं जेवणाचे नियम सांगितले. मी सवयीनं भात सोया सॉसमध्ये बुचकळला, तशी ती ओरडली, "मामा, भात नको बुडवूस! उलटं कर, मासा टेकव." भात सॉस पितो, फुटतो आणि सगळं खारट होतं. घास एकच घ्यायचा. काड्या जमत नसतील तर हातानं खाल्लेलं चालतं, किंबहुना सुशी हातानं खाणं जुनंच आहे. हे ऐकून मला हायसं वाटलं. गुलाबी आल्याचे काप सुशीबरोबर खायचे नसतात, दोन घासांच्या मध्ये जीभ धुण्यापुरते. आपण सोलकढीचा घोट घेतो तसे.

हिरव्या वसाबीचं मात्र कोडं नाही. फेसलेली मोहरी ज्यानं खाल्ली आहे त्याला हा झटका ओळखीचा आहे. तिखट मिरचीसारखा जिभेवर न बसता नाकात चढतो आणि लगेच ओसरतो, कारण दोन्हीतलं तिखट द्रव्य एकच. खरी वसाबी म्हणजे थंड वाहत्या पाण्यात वाढणारं खोड. ते आयत्या वेळी किसावं लागतं आणि पाऊण घटकेत त्याचा जोर जातो. ती महाग, म्हणून जगभर बहुतेक ठिकाणी रंगवलेला हॉर्सरॅडिश वाढतात. आणखी एक नातं मला जास्त जवळचं वाटतं. जपानी लोक भाजलेल्या ईल माशावर 'सान्शो' नावाची पूड भुरभुरतात. सान्शो आणि बांगड्याच्या तिखल्यात पडणारं आपलं तिरफळ ही एकाच वनस्पती-कुळातली, एकाच प्रजातिगटातली भावंडं. तेलकट माशाला जिभेला मुंग्या आणणारं काहीतरी हवं, हे दोन समुद्रांवरच्या स्वयंपाकघरांनी स्वतंत्रपणे ओळखलं.

मग आली कॅलिफोर्निया रोल. ही उत्तर अमेरिकेतली, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली. भात बाहेर, समुद्री शेवाळाची पापुद्र्यासारखी नोरी आत, तिच्यात काकडी, अॅव्होकॅडो आणि एक लाल-पांढरी कांडी. "हा खेकडा," भाची म्हणाली. मी कांडी सोडवून बघितली. तिचे धागे निघत होते, चव गोडसर होती, पण खेकड्याची ती नव्हती. आचारी हसला आणि फ्रीजरमधलं पाकीट दाखवलं. पाकिटावर रत्नागिरी!

विजयदुर्गच्या खाडीपलीकडे रत्नागिरी जिल्हाच सुरू होतो, म्हणजे सुशी खायला मी पुण्याला आलो आणि ताटात भेटला शेजारचा मासा. त्याचं नाव राणी. लालसर गुलाबी, अंगावर पिवळे पट्टे, वीतभर लांब. आमच्या बाजूला तिला फारसा मान नाही. सुरमई-सरंग्याच्या टोपलीत ती आली तर बाई बाजूला सारते. तिचं शास्त्रीय नाव मात्र निमिप्टेरस जापोनिकस! जपानची खूण तिच्या नावातच आहे.

या राणीची, आणि अशाच पांढऱ्या मांसाच्या माशांची, सुरीमी होते. काटे-कातडं काढून मांस बारीक करायचं आणि थंड पाण्यात पुन्हा पुन्हा धुवायचं. रक्त, चरबी, वास सगळं निघून जातं आणि उरतं ते पांढरं, बेचव, चिकट प्रथिन. हा लगदा गोठवला की पूर्वी भुसभुशीत व्हायचा. १९६० च्या सुमारास होक्काइदोतल्या संशोधकांनी त्यात साखर मिसळून गोठवला तर चिकटपणा टिकतो हे शोधलं, आणि धंदा जगभर पसरला. लगद्यात स्टार्च, अंड्याचा पांढरा बलक आणि खेकड्याचा स्वाद घालून त्याचे पातळ पापड वाफवतात, त्यावर रेघा पाडतात, गुंडाळतात आणि बाहेरून लाल रंग देतात. खेकड्याची कांडी तयार! सत्तरच्या दशकाच्या आरंभी जपानातच हा प्रकार बाजारात आला. रत्नागिरीच्या गद्रे मरीन एक्स्पोर्टनं १९७८ साली मासळीचा धंदा सुरू केला आणि नव्वदच्या दशकात सुरीमी हाती घेतली. आज जगातल्या मोठ्या सुरीमी उत्पादकांत तिचं नाव आहे. कोकणातली राणी जपानी युक्तीनं खेकडा होते आणि अमेरिकी रोलमध्ये शिरून पुण्यात विकली जाते. मला त्या ताटातलं सगळ्यात खरं जपानी हेच वाटलं. ती रोल मी दोनदा मागवली.

सामन मासा पुढे आला तेव्हा मी म्हटलं, हा तरी अस्सल. तोही नाही. जपानी लोक आपल्याकडचा सामन कच्चा खात नसत, कारण त्यात अॅनिसाकिस नावाचे जंत असतात. ऐंशीच्या दशकात नॉर्वेनं पिंजऱ्यात वाढवलेला, जंतांची भीती नसलेला सामन विकण्यासाठी जपानात मोहीम काढली आणि हळूहळू तो सुशीवर बसला.

इथेच काकींच्या प्रश्नाचं उत्तर आहे. एदोच्या गाड्यांवर बर्फ नव्हता. म्हणून तिथला मासा बहुधा नुसता कच्चा नसे. काही सोयात मुरवलेला, काही शिरक्यात, काही उकडलेला. जपानचा बांगडा, साबा, आजही मिठात ठेवून मग शिरक्यात बुडवतात. मासा हाताळण्याची पद्धतही वेगळी. आपल्याकडे मासा जाळ्यात तडफडून मरतो आणि बर्फ मिळेपर्यंत होडीत पडून राहतो. जपानात चांगला मासा हाती लागला की मेंदूत खिळा मारतात, कल्ल्यापाशी कापून रक्त काढतात आणि मणक्यातून तार फिरवतात. याला इकेजिमे म्हणतात. यानं मासा ताठायला उशीर लागतो आणि मांस जास्त टिकतं. मग अशा पांढऱ्या माशाला थंडीत एक-दोन दिवस ठेवतात. स्नायूंतल्या द्रव्याचं हळूहळू इनोसिनेटमध्ये रूपांतर होतं आणि चव खुलते. हे इनोसिनेट १९१३ साली शिंतारो कोदामा यांनी सुक्या बोनिटो माशात ओळखलं होतं. बोनिटो म्हणजे आपल्या कुप्याचा भाऊबंद.

म्हणून एक विनंती. विजयदुर्गच्या जेटीवर बांगडा चकाकताना बघून तो घरी कच्चा खाण्याचा मोह करू नका. बांगडा, तारली, कुपा यांच्या मांसात हिस्टिडीन भरपूर असतं. मासा उन्हात राहिला की जिवाणू त्याचं हिस्टामाइन करतात. तोंड लाल होतं, अंगावर पित्त उठतं, डोकं ठणकतं. हे विष शिजवूनही जात नाही, मग कच्च्याचं काय बोलावं! जंतांवर उपाय म्हणजे उणे २० अंशांवर सात दिवस किंवा उणे ३५ अंशांवर पंधरा तास गोठवणं. घरच्या फ्रिजवर एवढा भरवसा ठेवू नये. जपानी मासेमारी जहाजांवर कुपा उणे ६० अंशांपर्यंत नेतात, तेव्हा तो कच्चा खाता येतो. सुशीतला 'कच्चा' हा एवढ्या सोपस्कारांनंतरचा.

बिल आलं. आठ तुकड्यांच्या एका ताटलीच्या पैशांत विजयदुर्गात दोघं सुरमईची थाळी जेवून पान खाऊन आले असते. तरी पैसे वाया गेले असं वाटलं नाही.

परत आल्यावर काकींना सगळं रीतसर समजावलं, इकेजिमेपासून दोन दिवस ठेवण्यापर्यंत. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे शिळो करून खातत."

विजयदुर्गला आलात तर किल्ला बघायला निघण्याआधी, सकाळीच, खानावळीत जेवणारी माणसं किती ते सांगून ठेवा. मासा त्या हिशेबानं घेतात. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते, तेव्हा सुरमईचा हट्ट धरू नका. आणि राणी दिसली तर मागा. सार छान होतं तिचं.